सीटी स्कॅनचं इटरेटिव्ह रिकॉन वेगवान कसं करावं? फेरी जलद करावी की फेऱ्या कमी?

रेवा_भ

नमस्कार मंडळी,

इथे रेडिओलॉजीतले, गणितातले आणि प्रोग्रॅमिंगवाले बरेच जण आहेत, म्हणून हा धागा काढतेय.

मी वैद्यकीय प्रतिमांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. सध्या हातात कोन बीम (शंकूच्या आकाराचा क्ष-किरणांचा झोत वापरणाऱ्या) सीटीचा डेटा आहे. ३६० कोनांतून घेतलेली प्रोजेक्शन्स (क्ष-किरणांच्या सावल्या), ५१२ × ५१२ चा डिटेक्टर, आणि त्यातून ५१२ × ५१२ × ५१२ व्हॉक्सेलची (घनाकार ठिपक्यांची) प्रतिमा बनवायची. फेल्डकँप, डेव्हिस आणि क्रेस यांची १९८४ सालची एफडीके पद्धत हे काम ग्राफिक्स कार्डावर काही सेकंदांत उरकते. पण क्ष-किरणांचा डोस कमी केला की तिची प्रतिमा रवाळ होते आणि हाडांच्या आजूबाजूला पट्टे उमटतात. इटरेटिव्ह रिकॉन, म्हणजे फेऱ्याफेऱ्यांनी सुधारत प्रतिमा उभारणं (रिकन्स्ट्रक्शन), तिथे फार सरस ठरतं.

ज्यांना हे नवीन आहे त्यांच्यासाठी: आधी अंदाजाने एक प्रतिमा धरायची. तिच्यातून क्ष-किरण गेले असते तर डिटेक्टरवर काय दिसलं असतं ते काढायचं, हे फॉरवर्ड प्रोजेक्शन. प्रत्यक्ष मोजमापाशी ते ताडायचं, निघालेला फरक प्रतिमेत परत वाटायचा, हे बॅक प्रोजेक्शन. मग पुन्हा तेच, फरक आटोक्यात येईपर्यंत. असं एक आवर्तन म्हणजे एक फेरी.

अडचण वेळेची आहे. १३.४ कोटी व्हॉक्सेल आणि ३६० प्रोजेक्शन्स, म्हणजे एका फेरीत नुसत्या बॅक प्रोजेक्शनला सुमारे ४,८३० कोटी बेरजा. फॉरवर्डलाही साधारण तेवढंच काम. अशा शंभरेक फेऱ्या.

ऑफिसात बहुतेकांचं म्हणणं, आणखी तगडं कार्ड घ्या आणि विषय संपवा. मला ते पटत नाही. कार्डाने फेरी दुप्पट जलद होईल, पण शंभराच्या जागी दहा फेऱ्यांत काम भागलं तर फायदा दहापट. अनुभव असणाऱ्यांनी सांगा, सुरुवात कुठून करावी?

पाटीपेन्सिल

विषय डोक्यावरून जातोय, तरी सोडवत नाही. वाचनखूण साठवली आहे.

कोल्हापुरी_तंत्रज्ञ

रेवाताई, मी सीटीच्या कन्सोलवर बसणारा माणूस. गणित तुम्ही बघा, मी बाहेरची बाजू सांगतो.

पूर्वी एका मोठ्या हॉस्पिटलात पूर्ण मॉडेलवालं (मॉडेल बेस्ड) इटरेटिव्ह रिकॉन वापरायचो. प्रतिमा बघून डॉक्टर खूश व्हायचे, पण एका केसला अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून जास्त. बाहेर बाकावर पेशंट बसलेले, नातेवाईक दर पाच मिनिटांनी काचेवर टकटक करणार. तीन केस रांगेत लागल्या की पहिल्याचा रिपोर्ट जेवणाच्या सुट्टीनंतर. शेवटी आम्ही ते फक्त लहान मुलांच्या आणि वरचेवर स्कॅन लागणाऱ्या पेशंटच्या केसेसना ठेवलं. अपघाताची केस आली की सरळ नेहमीचं रिकॉन, कारण तिथे सर्जन दारात उभा असतो.

त्यामुळे वेळ कमी करायला निघाला आहात याचा मनापासून आनंद झाला. फक्त एक करा, सॉफ्टवेअरने आधी साधी प्रतिमा लगेच दाखवावी आणि इटरेटिव्ह मागे चालू राहावं. मशीन अडकून पडलं की पुढचा पेशंट टेबलावर घेता येत नाही.

डॉ_शलाका

वरच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. पक्षाघाताच्या केसमध्ये मेंदूचा स्कॅन पाहून रक्ताची गुठळी विरघळवण्याचं औषध द्यायचं की नाही ते ठरतं. तिथे मिनिटामिनिटाला किंमत आहे.

मात्र वेग हवा तो कशासाठी, हेही इथे यायला हवं. डोस निम्मा केला तर नॉइज (प्रतिमेतला रवाळपणा) साधारण १.४ पट होतो. छातीच्या एका साध्या एक्स-रेचा डोस ०.१ मिलिसीव्हर्टच्या आसपास, आणि छातीच्या नेहमीच्या सीटीचा त्याच्या साठ-सत्तरपट. लहान मुलांच्या पेशी वेगाने वाढत असतात आणि पुढे आयुष्यही मोठं असतं, म्हणून त्यांच्या बाबतीत ही काळजी फार मोलाची. चांगलं रिकॉन वेळखाऊ म्हणून बाजूला पडलं, तर त्या मुलाला जास्त डोस देऊन प्रतिमा सुधारावी लागते. रेवा, तुझ्या कामाचा थेट संबंध इथे येतो.

अनंतरेषा

थोडा इतिहास, कारण त्यातच रेवा यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

सीटीचे जनक हाउन्सफील्ड यांनी प्रयोगशाळेत जे पहिलं यंत्र जुळवलं त्यावर एका छेदाची मोजमापं घ्यायला ९ दिवस लागत आणि मोठ्या संगणकावर गणिताला अडीच तास. १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या विंबल्डनमधल्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचा स्कॅन झाला. प्रतिमा ८० × ८० ची. आणि त्या सुरुवातीच्या यंत्रात इटरेटिव्ह पद्धतच होती! गॉर्डन, बेंडर आणि हर्मन यांनी १९७० साली 'आर्ट' या नावाने मांडलेली पद्धतही त्याच कुळातली, आणि या कुळाचं गणित पोलिश गणिती काचमार्झ यांच्या १९३७ च्या शोधनिबंधात आधीच होतं.

मग इटरेटिव्ह मागे का पडलं? त्यात आपल्या माणसांचा हात आहे. १९७१ मध्येच जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी दाखवून दिलं की फूरिये रूपांतराचा वळसा न घेता साध्या कन्व्होल्यूशनने (शेजारच्या आकड्यांची ठरावीक वजनांनी बेरीज करून) प्रोजेक्शन गाळून मागे पसरवलं तरी प्रतिमा मिळते. कोलॅजन या प्रथिनाची तिहेरी सर्पिल रचना मांडणारे रामचंद्रन ते हेच. आजही जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये 'राम-लॅक' फिल्टर असतो तो यांचाच. ती पद्धत इतकी झटपट होती की तीन दशकांहून अधिक काळ दवाखान्यांत तिचंच राज्य राहिलं.

आता मुद्द्याचं. काचमार्झ यांची रीत अशी: प्रत्येक किरण हे एक समीकरण, म्हणजे एक सपाट पृष्ठ. आपण जिथे आहोत तिथून त्या पृष्ठावर लंब टाकायचा, मग पुढच्यावर. कागदावर दोन रेषा काढून बघा. त्या काटकोनात असतील तर दोन लंबांत छेदबिंदू गाठता. त्यांच्यात एक अंशाचा कोन असेल तर रेषांमध्ये नागमोडी फिरत बसता आणि पुढे सरकणं नावालाच. सीटीत ० अंश आणि १ अंशाची प्रोजेक्शन्स जवळजवळ तेच सांगतात. म्हणून प्रोजेक्शन्स १, २, ३ अशा ओळीने न घेता एकमेकांपासून शक्य तितक्या लांबच्या कोनांची घ्या. हर्मन आणि मेयर यांनी १९९३ मध्ये हेच मांडलं, क्रम आणि रिलॅक्सेशनचा आकडा (दर वेळी किती दुरुस्ती करायची तो) नीट निवडला तर 'आर्ट' कितीतरी कमी फेऱ्यांत काम करते. या बदलाला नवं कार्ड लागत नाही, लूपमधला क्रम तेवढा बदलायचा.

पाटीपेन्सिल

रेषांचं कागदावर करून पाहिलं. खरंच! एक अंशाच्या कोनात पेन्सिल झिजली, काटकोनात चहा गरम असतानाच काम झालं. आता विषय डोक्यावरून न जाता कानापर्यंत आला आहे.

मिशिगनकर_मावळा

अनंतरेषा, सुंदर लिहिलंत. तिथूनच पुढे नेतो.

क्रमाच्या पुढची पायरी म्हणजे ऑर्डर्ड सबसेट. हडसन आणि लार्किन यांनी १९९४ मध्ये पेट आणि स्पेक्ट या किरणोत्सारी औषध देऊन करायच्या स्कॅनसाठी आणलं, १९९९ च्या सुमारास एर्दोगान आणि फेसलर यांनी ट्रान्समिशन टोमोग्राफीसाठी, म्हणजे सीटीसारख्या आरपार किरण सोडणाऱ्या स्कॅनसाठी. ३६० प्रोजेक्शन्सचे समजा २० गट करायचे, प्रत्येक गटात दूरदूरचे कोन. एका गटावरून सुधारणेची दिशा काढायची आणि प्रतिमा लगेच बदलायची. शितावरून भाताची परीक्षा, तसंच. पूर्ण डेटा एकदा फिरेपर्यंत प्रतिमा वीस वेळा सुधारलेली असते. सुरुवातीला वेग जवळजवळ गटांच्या संख्येइतका वाढतो.

याच्या जोडीला मोमेंटम. नेस्टेरॉव्ह यांच्या १९८३ च्या युक्तीत आधीच्या पावलाची दिशा थोडी पुढे चालू ठेवतात. साध्या ग्रेडियंट (उतार पाहून पावलं टाकणाऱ्या) पद्धतीत चूक फेऱ्यांच्या संख्येच्या प्रमाणात घटते, यात फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात. सबसेट आणि मोमेंटम एकत्र केले की फार जलद होतं, पण गट जास्त केले तर गाडी उधळतेही. म्हणून सुरुवातीला जास्त गट, मग हळूहळू कमी, शेवटच्या फेऱ्या पूर्ण डेटावर.

ग्राफिक्स कार्डाबद्दल. कोणता किरण कोणत्या व्हॉक्सेलमधून जातो याचं मॅट्रिक्स साठवायचा विचारही करू नका. ९.४ कोटी किरण, प्रत्येकाच्या वाटेत हजारभर व्हॉक्सेल, नुसते शून्येतर आकडे ठेवायचे तरी पाऊण टेराबाइट. सगळं जागच्या जागी मोजावं लागतं. बॅक प्रोजेक्शनला प्रत्येक थ्रेडला (कार्डावर समांतर चालणाऱ्या कामाला) एक व्हॉक्सेल द्या, तो कार्डाच्या टेक्स्चर मेमरीतून आपल्याला लागणारा आकडा उचलतो. फॉरवर्डला प्रत्येक थ्रेडला एक किरण. दोन्हीकडे थ्रेड फक्त वाचतात, एकमेकांच्या जागेत लिहीत नाहीत, त्यामुळे भरभर चालतं. आणि प्रतिमा कार्डाच्या मेमरीतच राहू द्या, दर फेरीला मुख्य मेमरीत ये-जा नको.

किरणमापक

मावळा, शेवटच्या परिच्छेदात एक खाचखळगा आहे, तो सांगितल्याशिवाय पुढे जाऊ नये.

फॉरवर्ड किरणाच्या बाजूने आणि बॅक व्हॉक्सेलच्या बाजूने केलं तर ती दोन गणितं एकमेकांची ट्रान्सपोज (तंतोतंत उलट बाजू) राहत नाहीत. थोड्या फेऱ्यांत काही जाणवत नाही. जास्त फेऱ्या केल्या की चूक घटायची थांबते, कधी उलटी वाढू लागते. कॉंज्युगेट ग्रेडियंट ही जलद पद्धत वापरत असाल तर आणखी लवकर. जुळती जोडी हवी असेल तर दे मान आणि बसू यांचा डिस्टन्स ड्रिव्हन प्रोजेक्टर पाहा, त्यात दोन्ही बाजू एकाच सूत्रातून येतात आणि वेगही फारसा जात नाही.

दुसरं, वजनं. नुसतं लीस्ट स्क्वेअर्स (सगळ्या किरणांचा फरक सारखाच मोजणं) करत असाल तर कमी डोसमधला खरा फायदा हातचा जाईल. खांद्यातून किंवा कमरेतून आडवा जाणारा किरण डिटेक्टरपर्यंत मोजकेच फोटॉन घेऊन येतो, त्याच्यावर विश्वास कमी ठेवायला हवा. पट्टे जातात ते या वजनांमुळे. पण याच वजनांमुळे गणित संथ होतं, कारण किरणागणिक वजन वेगळं झालं की फूरियेवर आधारलेले प्रीकंडिशनर (गणिताला वेग देणारे उपाय) नीट लागू पडत नाहीत. संथपणाचं एक मोठं मूळ इथे आहे आणि कितीही महाग कार्ड घेतलं तरी ते जात नाही.

तंत्रझेप

मंडळी, माफ करा, पण २०१९ नंतर हा सगळा खटाटोप कशाला? त्या वर्षी जीई आणि कॅनन या दोघांच्याही डीप लर्निंग रिकॉनला अमेरिकेच्या एफडीएची मंजुरी मिळाली. न्यूरल नेटवर्क एकदा शिकवलं की प्रतिमा झटपट. सबसेट, मोमेंटम हे आता पुस्तकात ठेवा.

किरणमापक

@तंत्रझेप, नेटवर्क शिकतं कशावरून ते बघा. कॅननच्या नेटवर्कला लक्ष्य म्हणून ज्या उत्तम प्रतिमा दिल्या त्या मॉडेल बेस्ड इटरेटिव्हनेच बनवलेल्या. म्हणजे फेऱ्या गेल्या नाहीत, त्या पेशंट येण्याआधी कारखान्यात पार पडल्या. नवा डिटेक्टर आला, फोटॉन काउंटिंग (एकेक फोटॉन मोजणारं तंत्र) आलं, की नव्या लक्ष्य-प्रतिमा लागणार.

शिवाय रेवा यांच्याकडे कोन बीमचा डेटा आहे, हजारो पेशंटचा संच नाही. इटरेटिव्हमध्ये निदान एवढी खात्री असते की शेवटची प्रतिमा मोजमापाशी ताडून पाहिलेली आहे.

तंत्रझेप

ताडून पाहण्याचा मुद्दा मान्य. पण दोन्ही एकत्रही करता येतात. मोजक्याच फेऱ्या उलगडून मांडायच्या आणि प्रत्येक फेरीतली नियमनाची (नॉइज आवरण्याची) पायरी नेटवर्कला शिकवायची. मोजमापाशी ताडणं तसंच राहतं. हे तरी पुस्तकात ठेवू नका.

निळी_छत्री

मध्येच विचारते, तज्ज्ञांनी राग मानू नये. माझ्या मुलाला मुतखड्याचा त्रास आहे, पुन्हा सीटी सांगितला आहे. वरचं वाचून धास्ती वाटली. विचारावं का डॉक्टरांना कमी डोसबद्दल?

डॉ_शलाका

निळी_छत्री ताई, अवश्य विचारा, त्यात संकोच नको. खडा आजूबाजूच्या मांसापेक्षा खूप दाट असतो, प्रतिमेत ठळक दिसतो, त्यामुळे मुतखड्यासाठी कमी डोसचा प्रोटोकॉल चांगला चालतो. काही वेळा सोनोग्राफीनेही भागतं. पण सांगितलेला स्कॅन भीतीपोटी टाळू नका, गरज असेल तेव्हा त्याचा फायदा धोक्यापेक्षा खूप मोठा असतो.

याच निमित्ताने रेवाला एक सांगते. यकृतातली छोटी गाठ आजूबाजूच्या पेशींपेक्षा किंचितच वेगळी दिसते. तिथे इटरेटिव्ह प्रतिमा गुळगुळीत दिसली म्हणजे गाठ दिसेलच असं नाही. डोस फार उतरवला तर नॉइज गेल्यासारखा वाटतो आणि त्याबरोबर गाठही जाते. काही प्रतिमा तर प्लॅस्टिकच्या वाटतात, पोत हरवलेला. तू वेग वाढवशील तेव्हा प्रतिमेचा पोत बदलतोय का, हे मला पाहायला आवडेल.

निळी_छत्री

मनापासून आभार डॉक्टर. उद्याच विचारते.

कोल्हापुरी_तंत्रज्ञ

ताई, मुलाच्या जुन्या स्कॅनची सीडी सोबत न्या. काही वेळा तीच पाहून फक्त गरजेपुरता भाग घेता येतो, पूर्ण पोट लागत नाही. गणिताशिवाय डोस कमी करायचा हा सर्वांत जुना मार्ग.

रेवा_भ

सगळ्यांचे खूप आभार. या आठवड्यात बरंच करून पाहिलं.

आधी प्रोफायलर (कुठे किती वेळ जातो ते मोजणारं साधन) लावला. वेळेचा सर्वांत मोठा वाटा फॉरवर्ड प्रोजेक्शनचा निघाला. मग कोनांचा क्रम बदलला आणि त्यावर सबसेट बसवले. परिणाम डोळ्यांना दिसण्याइतका आहे. शून्यापासून सुरुवात करण्याऐवजी एफडीकेची प्रतिमा सुरुवातीला दिली, आणि आधी १२८ च्या घनावर, मग २५६, मग ५१२ अशी चढत गेले. १२८ च्या घनात व्हॉक्सेल मूळच्या चौसष्टाव्या हिश्श्याइतकेच, त्यामुळे त्या फेऱ्या जवळजवळ फुकटात पडतात. पूर्वी शंभरेक फेऱ्यांत जिथे पोचायचो तिथे आता डझनभर पुरतात असं दिसतंय. कार्ड जुनंच.

ऑफिसात एक सुचवणी आली की मग पाचच फेऱ्या करून थांबू, प्रतिमा छानच दिसते. याला काय उत्तर द्यावं?

किरणमापक

उत्तर 'नाही' असं द्या. पाच फेऱ्यांनी थांबलेली प्रतिमा ही वेगळीच प्रतिमा असते. ती कुठून सुरुवात केली यावर अवलंबून, पेशंटच्या आकारावर अवलंबून. ग्रेडियंटच्या पद्धतीत ढोबळ आकार आधी जमतात आणि बारीक कडा शेवटी. सडपातळ माणसाची प्रतिमा पाच फेऱ्यांत पूर्ण होईल आणि जाड माणसाची अर्धवट राहील, आणि बघणाऱ्याला ते कळणारही नाही.

एकदा, अगदी रात्रभर चालवून का होईना, पूर्ण स्थिरावलेली प्रतिमा बनवून ठेवा. मग प्रत्येक युक्तीसाठी आलेख काढा. आडव्या अक्षावर सेकंद, उभ्यावर त्या प्रतिमेपासूनचा फरक हाउन्सफील्ड युनिटमध्ये, म्हणजे सीटीतल्या घनतेच्या एककात. फेऱ्यांची संख्या अक्षावर घालूच नका, एकेका पद्धतीची फेरी वेगवेगळ्या किमतीची असते. फरक ठरावीक मर्यादेखाली यायला किती सेकंद लागले, तोच तुमचा वेग.

मिशिगनकर_मावळा

किरणमापक यांच्याशी शंभर टक्के सहमत. एक भर: कडा आधी जमाव्यात असं वाटत असेल तर कोऑर्डिनेट डिसेंट आहे. सॉअर आणि बाउमन यांनी १९९३ मध्ये दाखवलं की एकेक व्हॉक्सेल सुधारत गेलं तर बारीक तपशील पहिल्या काही फेऱ्यांतच बसतात आणि ढोबळ भाग रेंगाळतो. एफडीकेपासून सुरुवात केली की ढोबळ भाग आयता मिळतो. जीईचं २०११ मध्ये मंजूर झालेलं 'व्हिओ' याच घराण्यातलं. पण ग्राफिक्स कार्डावर ते नेणं कष्टाचं आहे, कारण शेजारचे व्हॉक्सेल एकाच वेळी बदलता येत नाहीत.

आणि टेबल, चादर, पेशंटचे हात हे सगळं प्रतिमेच्या चौकटीत येऊ द्या. जे किरणाच्या वाटेत आहे पण चौकटीत नाही, त्याची चूक गणित आतल्या भागावर ढकलतं. मग कितीही फेऱ्या करा, फरक हटत नाही.

रेवा_भ

चौकटीचा मुद्दा आजच तपासते, कारण एका केसमध्ये टेबलाची कड बाहेर आहे. सेकंदांच्या अक्षावरचा आलेख पुढच्या बैठकीत ठेवणार. नव्या कार्डाची मागणी तूर्त थांबवायला सांगितली आहे, आधी जुळता प्रोजेक्टर बसवते.

डॉक्टर, यकृतातल्या गाठीबद्दल तुम्ही म्हणालात ते कसं तपासू? आलेखात सरासरी फरक दिसेल, गाठ दिसते की नाही ते नाही दिसणार.

किरणमापक

त्याला फँटम (पेशंटच्या जागी ठेवायची चाचणीची वस्तू) हवा. कॅटफॅन नावाच्या फँटममध्ये १, ०.५ आणि ०.३ टक्के कॉन्ट्रास्टच्या वेगवेगळ्या व्यासांच्या दांड्या असतात, छेदात त्या गोल ठिपक्यांसारख्या दिसतात. आमच्याकडे आहे आणि शनिवारी दुपारी मशीन मोकळं असतं. पूर्ण, निम्म्या आणि पाव डोसवर स्कॅन करून कच्चा डेटा देतो. तुमच्या भूमितीत बसवायला दिशा आणि अंतरं लागतील, तीही लिहून पाठवतो.

डॉ_शलाका

एफडीके, पाच फेऱ्यांची आणि पूर्ण स्थिरावलेली, अशा तिन्ही प्रतिमा नावं झाकून पाठव. कोणती कुठली ते मला सांगू नकोस. आमच्या विभागातल्या आणखी दोघांना बसवते, प्रत्येकजण स्वतंत्रपणे ठिपके मोजेल.

कोल्हापुरी_तंत्रज्ञ

आणि पाव डोसचा स्कॅन सलग दोनदा घ्या, टेबल न हलवता. दोन्हींची वजाबाकी केली की नुसता नॉइज उरतो, पोताचं काय झालं ते त्यात लगेच कळतं.